आणखी कोणी राहत नाही

स्टॉकटन, ५ ऑक्टोबर

मनांग एस्तेर,

थोरल्या बहिणीला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, मनांग म्हणायचं, ही आईची शिस्त मी अजून पाळते. तू मला काय म्हणतेस ते मला माहीत नाही. सहा वर्षांत तू मला चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीस. नाताळचं कार्ड येतं, त्यावर तुझी सही असते आणि खाली छापील देवदूत. हवाईत देवदूतसुद्धा चपला घालत नाहीत, एवढं मात्र त्या कार्डावरून कळलं.

मी भांडायला लिहीत नाहीये. मला एक विचारायचं आहे, आणि ते इथं कोणाला विचारलं तर मला डॉक्टरकडे पाठवतील. अशा गोष्टी तुला कळतात. मला कळत नाहीत, असं तूच मला तोंडावर सांगितलं होतंस.

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून मी मंगळवारी आणि गुरुवारी भाडेकरू मदत केंद्रात बसते. घर खाली करायचा दावा अंगावर आलेला माणूस आपल्या उत्तराचा फॉर्म भरून आणतो, आणि तो कोर्टात जाण्याआधी मी त्यातल्या चुका काढते. फुकट. आयुष्यभर चुका काढायचे पैसे घेतले असते तर एव्हाना तुझ्या शेजारी बंगला बांधला असता, असं तू म्हणशील. पाच कामाच्या दिवसांत उत्तर गेलं नाही तर घर गेलं. गेलं, पण चुकीचं गेलं, तरीही घर गेलं. मालकानं लिहिलेलं जे आपण नाकारत नाही ते आपण कबूल केलं असं धरतात. आणि खाली सही असते ती शपथेवरची. आमचा नियम एकच आहे, तपासणाऱ्यानं आपलं पेन फॉर्मला लावायचं नाही. चूक दिसली की पिवळी चिठ्ठी चिकटवायची, आणि लिहायचं ते भाडेकरूनं स्वतः.

आज ताता सेवेरो आले होते. सेवेरो गालिनातो, चर्चमध्ये उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसायचे ते, आपल्याच मुलखातून येऊन इथं ॲस्परॅगसच्या शेतात पन्नास वर्षं राबलेले. आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांची बासिलिसा मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेली. पस्तीस वर्षं ते त्याच दोन खोल्यांत आहेत. वसंतात इमारत एका कंपनीनं घेतली. भाडं वेळेवर देणाऱ्या जुन्या माणसाला कारणाशिवाय काढता येत नाही, म्हणून त्यांनी कारण शोधून काढलं.

फॉर्म नीटनेटका होता. नाव बरोबर, दाव्याचा नंबर बरोबर, सही जागच्या जागी. फक्त नवव्या मुद्द्यापुढं काहीच नव्हतं.

"ताता, नऊ रिकामा राहिलाय."

"राहिला नाही. सोडलाय."

"सोडून चालत नाही. सोडलं म्हणजे कबूल केलं."

"वाच की मोठ्यानं, काय लिहिलंय त्यानं."

मी वाचलं. सेवेरो गालिनातो यांच्यासोबत करारात नसलेली एक स्त्री कायम राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगात फुलाफुलांचा घरचा झगा, केस मागे निळ्या रबरानं बांधलेले. मॅनेजर डर्क पेनर यांनी तिला अकरा, चौदा आणि एकोणीस सप्टेंबरला दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत पाहिलं आहे.

ताता मान हलवत होते. "बरोबर आहे. एकोणीसला तिनं खिडकी पुसायला घेतली होती."

मनांग, ॲस्परॅगसच्या जुड्यांना असतं ते निळं रुंद रबर. पॅकिंगच्या शेडमध्ये काम करणाऱ्या सगळ्या बायका ते केसांना लावायच्या. बासिलिसाच्या केसांत ते शवपेटीतही होतं. चर्चच्या बायका ते काढून चांगली फीत बांधायला निघाल्या होत्या, तर तातांनी त्यांचे हात बाजूला केले. मी तिथंच उभी होते. आणि हा पेनर इथं नोकरीला लागला तो या एप्रिलमध्ये.

मी म्हटलं, "ताता, इथं लिहा, हे खोटं आहे, माझ्या घरात आणखी कोणी राहत नाही."

"शपथेवर?"

"हो, शपथेवर."

"आणि ती राहते त्याचं काय करू?"

मला हसू आलं, ते मी दाबलं. मग मी शहाण्यासारखं समजावलं की तुम्ही तिच्यासाठी जेवण वाढून ठेवता ते मला ठाऊक आहे, पण ते वेगळं. ते म्हणाले, "वेगळं कसं? मी वाढतो, ती जेवते. पोरी, मी अठ्ठेचाळीस वर्षं त्या बाईशी एकदाही खोटं बोललो नाही. आता ती तोंड उघडून भांडू शकत नाही, म्हणून तिच्या पाठीमागं कागदावर बोलू?"

उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या माझी पाळी नाही, तरी मी जाणार आहे. तू त्यांच्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते कळव. त्या ताटलीबद्दल, म्हणजे आपल्या ताटलीबद्दल, मला या पत्रात काही लिहायचं नाही.

फेली


६ ऑक्टोबर, शुक्रवार

मनांग,

एवढंच कळवायला लिहिते की काम झालं. ताता शेवटी ऐकले. नववा मुद्दा भरला आणि दुपारी साडेतीनला फॉर्म दाखल झाला, कोर्टाची खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता. शिक्का मारलेली प्रत त्यांच्या हातात दिली आणि त्यांना बसमध्ये बसवलं.

मी व्यवस्थित झोपणार आहे.

फेली


१७ ऑक्टोबर

मनांग,

तुझं उत्तर नाही. नसूदे.

आज केंद्रात ताता आले. रांगेत थांबले, नंबर आला तेव्हा माझ्यासमोर बसले आणि टोपी मांडीवर ठेवली. ते दोन आठवड्यांत इतके वाळलेत की शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरते.

"बासिंग गेली," म्हणाले. बासिलिसाला ते बासिंग म्हणतात.

मला वाटलं म्हातारपणी माणसाला काळाचं भान राहत नाही. मी हळूच म्हटलं, "हो ताता, मागच्या ऑगस्टमध्ये."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्चीत नीट बसावंसं वाटलं. "त्या वेळी मेली ती. गेली आता. आपण फॉर्म दिला त्या दिवशी. मी घरी आलो तर घर नुसतं पोकळ. भाताचं पातेलंही नाही."

"पातेलं कुठं जाईल?"

"तेच तुला विचारायला आलोय. तू काय लिहिलंस त्या कागदावर?"

मी म्हटलं, तुम्हीच लिहिलंत ताता. असं मी म्हटलं, मनांग.

केंद्र सुटल्यावर मी पान दे सालची, पावांची पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले. लख्ख ऊन होतं. जिन्यात तो पेनर भेटला, हातात बल्ब आणि शिडी. चाळिशीचा, लालबुंद मानेचा माणूस. माझ्या गळ्यात केंद्राचं ओळखपत्र होतं, ते बघून तो रस्ता सोडून उभा राहिला. मला त्याच्याशी बोलायची परवानगी नाही, ते तोही जाणतो.

तरी त्यानं विचारलं, "बाई, ती म्हातारी बरी आहे ना?"

"कोणती म्हातारी?"

"गालिनातोंच्या घरातली. मी वर कळवलं ते माझं कामच आहे, पण तिला रस्त्यावर काढावं असं नव्हतं हो माझ्या मनात. त्या शुक्रवारी मी खाली झाडांना पाणी घालत होतो. साडेतीन वाजले असतील. ती एकटीच जिना उतरून आली. हातात झाकण लावलेलं पातेलं. मी म्हटलं, मदत करू का? तर माझ्याकडे न बघता फाटकातून गेली. पायात काही नव्हतं. मागून गाडी घेऊन गेलो मी, कोपऱ्यापर्यंत. सरळ रस्ता आहे तिथं. कुठं वळणार?"

मी पान दे सालची पिशवी त्याच्याच हातात देऊन परत फिरले. वर जायचा धीर झाला नाही.

साडेतीन, मनांग. शिक्क्यावर वेळ असते. माझ्याकडे प्रत आहे, मी काढून बघितली.

फेली


२ नोव्हेंबर

मनांग,

सहा तारखेच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. ताता ऐकले नव्हते.

त्या दिवशी अडीचपासून तीनपर्यंत मी त्यांना विनवलं. त्यांनी टोपी घट्ट धरून ठेवली होती, नाही म्हणजे नाही. आमच्या वकील व्हिटेकर बाई कोर्टात अडकल्या होत्या. तीन वाजता ताता बाथरूमला गेले. सही त्यांनी आधीच केलेली होती. मी माझं पेन घेतलं, नवव्या मुद्द्यापुढं चौकटीत खूण केली आणि खाली लिहिलं की हे विधान खोटं आहे, या घरात माझ्याशिवाय आणखी कोणी राहत नाही. मोठ्या, छापल्यासारख्या अक्षरांत. ते परत आले तेव्हा मी म्हटलं, सगळं बरोबर आहे, चला. त्यांनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

मला त्यांचं घर वाचवायचं होतं. हे खरं आहे, आणि ते पुरेसं नाही, हेही मला कळतं.

आज आपल्या मेलेल्या माणसांचा दिवस. तातांना घेऊन मी स्मशानात गेले. त्यांनी थडग्याजवळ भात, उकडलेलं अंडं, विड्याचं पान आणि तिची सिगारेट मांडली. बासिलिसा पेटलेलं टोक तोंडात धरून ओढायची, आठवतं? ते वाट बघत बसले. मी झाडाखाली उभी. दहा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत. शेजारच्या थडग्याजवळच्या कुटुंबानं जेवण उरकलं, पोरांनी पतंग उडवले, रेडिओ लावला. ताता हलले नाहीत. मग त्यांनी अंडं उचललं, सोललं, आणि माझ्यापुढं धरलं.

"खा. कोणी शिवलेलं नाही."

तिथं मी सांगितलं. उभ्या उभ्या, अंडं हातात घेऊन. ते ऐकत राहिले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझ्या नावानं, शपथेवर, तिला सांगितलं की तू इथं राहत नाहीस."

"हो."

"आणि ती मुकाट्यानं निघून गेली. बासिंग." त्यांचा आवाज तिथं फाटला. "मी म्हटलं असतं तर भांडली असती गं. शपथेवर बघितलं म्हणून गेली. तिला वाटलं असेल, हा असं खोटं कशाला बोलेल?"

मी त्यांना घरी सोडलं आणि तशीच केंद्रात जाऊन व्हिटेकर बाईंना सांगितलं. त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत आणि एरवी मला मिस फेलिसा म्हणतात. आज म्हणाल्या, "तुम्ही एका माणसाच्या शपथेवर बनावट मजकूर लिहिलात. हे बाहेर आलं तर केंद्र बंद होईल आणि त्याचं घर जाईल, दोन्ही." मग त्यांनी माझं ओळखपत्र मागून घेतलं. मी काढून दिलं.

ताताही हट्टाला पेटलेत. माझ्या मागोमाग बसनं केंद्रात आले, त्यांना फॉर्म बदलून हवाय. व्हिटेकर बाई म्हणतात, न्यायाधीश दुरुस्तीला परवानगी देतील, पण तुम्ही काय लिहिणार? ती राहते म्हणून लिहिलं तर करार मोडला हे कबूल. चौदा तारखेला सुनावणी आणि महिनाअखेर घर खाली करायला शेरीफ दाराशी. ताता म्हणाले, "मग शेरीफ येऊ दे. ज्या घरात ती येणार नाही ते वाचवून मी काय भिंती चाटू?"

घर सोडलं तर ती परत कुठं येणार, हे त्यांना मी विचारणार होते. पण ते त्यांना सुचलेलं नाही असं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

मला एवढं कळव. निघून गेलेलं माणूस परत बोलावता येतं का? आपली लोला आजी म्हणायची ना काहीतरी, स्मशानातून निघताना मागं वळून, नाव घेऊन, चल घरी, मागं राहू नकोस. ते शब्द तुला येतात. मला येत नाहीत. मी कधी शिकले नाही, कारण तू शिकत होतीस.

फेली


९ नोव्हेंबर

मनांग,

मी मूर्ख आहे. तू हे पत्र जपून ठेव, हे वाक्य पुन्हा मिळणार नाही.

ओळखपत्र गेलं तरी माझ्या घरी तातांच्या कागदांची प्रत होती. रविवारी सकाळी चर्चला गेले नाही, टेबलावर कागद पसरून बसले आणि सगळं पहिल्या ओळीपासून तपासलं, जसं पाच तारखेला तपासायला हवं होतं तसं. दाव्याच्या मागं मालकानं कराराची प्रत जोडलेली असते. अशी जोडपत्रं मी नेहमी चाळून सोडून देते. सगळ्यांचे करार सारखेच, त्यात काय बघायचं?

करार १९८८ चा. भाडेकरू सेवेरो गालिनातो आणि बासिलिसा गालिनातो. खाली दोन सह्या. त्यानंतर नवा करार झालेलाच नाही. कंपनीनं इमारत घेतली ती या करारासकट. तिचं नाव कोणी कधी काढलं नाही.

नवव्या मुद्द्यात दोन गोष्टी होत्या. एक बाई राहते, ही एक. ती करारात नाही, ही दुसरी. मी दोन्हींवर काट मारली. पहिली खोटी आणि दुसरी खरी असं धरून मी सगळा दिवस त्या म्हाताऱ्याशी भांडले. होतं उलटं. चुका काढायला बसलेल्या बाईनं वाक्य अर्धंच वाचलं, कारण मेलेल्याचं नाव करारात कसं असेल, हे मला बघावंसंही वाटलं नाही.

मी व्हिटेकर बाईंच्या दारात सोमवारी आठ वाजता उभी होते. त्यांनी करार वाचला, मग नववा मुद्दा वाचला, मग कॉफीचा कप खाली ठेवला.

"मी त्यांना विचारणार नाहीये की त्यांची बायको जिवंत आहे का," त्या म्हणाल्या. "फॉर्म ते विचारत नाही. फॉर्म विचारतो, हे विधान खरं की खोटं. उत्तर ज्याचं त्यानं आपल्या समजुतीप्रमाणं द्यायचं, शपथेवर. तुम्ही बाहेर बसा, मिस फेलिसा. पेन माझ्याकडे द्या."

मी पर्समधलं पेन काढून दिलं, आणि बाहेर बसले.

न्यायाधीशांनी परवानगी दिली. काल ताता आले, चष्मा घेऊन. एक तास लागला. प्रत्येक अक्षर त्यांनी स्वतः काढलं. काचेतून मला दिसत होतं, जीभ ओठांत धरून लिहीत होते. 'ती बाई म्हणजे माझी पत्नी बासिलिसा. ती माझ्यासोबत राहते. करारात तिचं नाव आहे. सहा ऑक्टोबरला माझ्या नावानं लिहिलं गेलं ते खोटं होतं, आणि त्याबद्दल मी तिची माफी मागतो.' व्हिटेकर बाई म्हणाल्या, शेवटचं वाक्य कायद्याला लागत नाही. ताता म्हणाले, कायद्यासाठी नाहीये ते.

दुपारी सव्वादोनला दाखल झाला. मी तातांना घरी सोडायला गेले, यावेळी वरपर्यंत. त्यांनी दार उघडलं आणि आम्ही दोघं उंबऱ्यातच थांबलो. शेगडीवर पातेलं होतं. झाकणाच्या कडेनं वाफ येत होती.

ताता आत गेले नाहीत लगेच. त्यांनी भिंतीला हात टेकला आणि आपल्या भाषेत, लहान मुलाला बोलावं तसं, म्हणाले, "रागावलीस ना? रागव. पण बस."

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही.

फेली


१५ नोव्हेंबर

मनांग,

काल सुनावणी झाली. मी मागच्या बाकावर होते.

कंपनीचा वकील तरुण, चकचकीत बुटांचा. त्यानं पेनरला साक्षीला बोलावलं. पेनरनं तारखा सांगितल्या, झगा सांगितला, निळं रबर सांगितलं. मग व्हिटेकर बाई उठल्या आणि त्याच्यापुढं एक फोटो ठेवला, चर्चच्या सहलीचा, दोन हजार अकरा सालचा. अकरा बायका ओळीनं उभ्या. त्यात मीही आहे, तोंड वाकडं करून.

"यातली कोणी तुम्ही खिडकीत पाहिली आहे का?"

त्यानं बोट ठेवायला एक क्षण घेतला नाही. "ही. हीच ती."

"खात्री आहे?"

"बाई, मी तिच्याशी बोललोय. मला का खात्री नसेल?"

"ही बासिलिसा गालिनातो. करारातली दुसरी भाडेकरू. तुमच्याच कागदांत, पान चौदा."

कंपनीचा वकील खूश होऊन उभा राहिला. म्हणाला, ती बाई गेल्या वर्षी वारली आहे, आमच्याकडे नोंद आहे. व्हिटेकर बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुमच्या साक्षीदारानं कोणाला पाहिलं? घरात ती असेल, तर ती करारात आहे. ती नसेल, तर घरात दुसरं कोणीच नाही. करार कुठं मोडला?"

कोणी हसलं नाही. मनांग, माझी नजर पेनरवर होती. 'वारली आहे' हे त्यानं तिथं पहिल्यांदा ऐकलं. त्याची ती लालबुंद मान आधी पांढरी पडली आणि मग तो फोटोकडे न बघता, न्यायाधीशांकडे न बघता, तातांकडे बघायला लागला. ताता त्याला मान डोलावून धीर देत होते, घाबरू नको, होतं असं.

वकिलानं दहा मिनिटं मागून घेतली. परत आला तेव्हा दावा मागं घेतला होता. न्यायाधीशबाईंनी फाइल मिटली, चष्मा काढला, आणि तातांना म्हणाल्या, "मिस्टर गालिनातो, तुम्ही दोघं घरी जाऊ शकता." त्या 'दोघं' म्हणाल्या. ताता आणि व्हिटेकर बाई, की ताता आणि बासिलिसा, कोणाला उद्देशून म्हणाल्या, ते मी विचारलं नाही.

घर राहिलं. पेनरनं संध्याकाळी नोकरी सोडली असं ऐकलं. माझं ओळखपत्र परत मिळालेलं नाही, मिळणारही नाही. व्हिटेकर बाईंनी मला चहा पाजला आणि सांगितलं की पाकिटांवर तिकिटं चिकटवायला या. मी हो म्हटलं.

फेली


१९ नोव्हेंबर, रविवार

मनांग,

आज तातांनी मला जेवायला बोलावलं होतं. हे पत्र मी तिथून आल्यावर लिहिते आहे, अजून चार वाजलेले नाहीत, तेव्हा अंधाराला घाबरून लिहितेय असं समजू नकोस.

दिनेंगदेंगची पातळ भाजी केली होती, तळलेला मासा, भात. तीन ताटं मांडली. एक त्यांचं, एक माझं, एक खिडकीजवळ तिचं. मी काही न बोलता बसले, शहाणी झालेय मी आता. खिडकीजवळच्या ताटाकडे मात्र मी बघितलं नाही.

भात वाढता वाढता ताता थांबले. कोणीतरी काही सांगतंय आणि आपण ऐकतोय तशी मान कलती केली. मग उठले आणि फडताळातून चौथं ताट काढलं.

"कोण येणार आहे, ताता?"

"बासिंग विचारते, जिन्यातल्या बाईंना तू आत का घेत नाहीस?"

मी म्हटलं, जिन्यात कोणी नाही, मी आत्ताच आले.

"तुझ्याबरोबरच येतात त्या. बासिंग म्हणते दरवेळी येतात. स्मशानातही होत्या, तू झाडाखाली उभी होतीस तिथं, तुझ्या मागं. दारापर्यंत येतात आणि थांबतात. बासिंगनं दोनदा हाक मारली, तर मान हलवतात. त्यांना कोणीतरी आत येऊ नको म्हणून सांगितलंय." ताता भाताचा चमचा हातात धरून माझ्याकडे बघत होते, अगदी मायेनं. "वयस्कर आहेत. एका पायात चप्पल आहे, दुसऱ्यात नाही. कोण आहेत गं, पोरी?"

मनांग, शेवटच्या वर्षात आई एकच चप्पल घालायची. दुसरी उशीखाली ठेवायची, कोणी नेऊ नये म्हणून. तू हवाईत होतीस, तुला मी हे सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं, मला लाज वाटायची.

आता तुला सगळं सांगते. आई वारल्यावर तू नवव्या दिवशी तिच्या पलंगाजवळ ताटली ठेवलीस आणि मी ती उचलून कचऱ्यात टाकली, तेवढं तू पाहिलंस, आणि तेवढ्यावर बॅग भरून गेलीस. तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. चार वर्षं मी तिला उचललं होतं, पुसलं होतं, रात्री दहा-दहा वेळा उठले होते. मला वाटलं, आता हिनं मला सोडावं. मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, आई, तू या घरात राहत नाहीस. जा आता. परत येऊ नकोस. आणि दार लावून घेतलं.

तिला वाटलं असेल, ही असं खोटं कशाला बोलेल?

सहा वर्षं ती माझ्या मागं चालते आहे. केंद्रापर्यंत, दुकानापर्यंत, घरापर्यंत. मी आत शिरते आणि दार लावते, रोज, तिच्या तोंडावर.

तातांच्या जिन्यातून मी हळूहळू उतरले. वाटेत मागं वळून बघितलं नाही, पण फुटपाथवर थोडी कडेनं चालले, तिला जागा व्हावी म्हणून. घरी आल्यावर दार उघडलं आणि बाजूला झाले. म्हटलं, आई, मी खोटं बोलले होते. तू इथं राहतेस. ये. भात लावलाय. तुझी ताटली मांडली आहे, कोरी, नवी. तासभर मी दार धरून उभी होते आणि आता टेबलाशी बसून लिहिते आहे. उंबऱ्याबाहेर ऊन पडलंय, आणि त्या उन्हात पायपुसण्यावर एका जागी दाबल्यासारखं दिसतं. एकाच चपलेचं.

ती आत येत नाही, मनांग. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसत नाही, आणि तिचं काही चुकत नाही. तुझ्यावर बसेल. तू ताटली ठेवणारी होतीस.

तू ये. विमानाचं तिकीट मी काढते. तू दारातून आत शिरलीस की तीही तुझ्या पाठोपाठ येईल. तोवर मी दार लावणार नाही.

फेली